धावपळीच्या स्वयंपाकघरासाठी टोस्टर: तिसरा घाणा कसा निघतो ते पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: घरात सहा माणसं, सकाळी पाऊण तासात सगळ्यांचं खाणं उरकून एकेक जण बाहेर पडतो. दोन खाचांचा जुना टोस्टर ब्रेडची एक बाजू करपवतो, दुसरी पांढरीच ठेवतो आणि अधूनमधून धूरही येतो. आता नवा घ्यायचा तर दोन खाचांचा, चार खाचांचा की सरळ छोटा ओव्हन? आणि डिजिटल पडदा व सहा-सात बटणं असलेल्या मॉडेलसाठी जास्त पैसे मोजावेत का?

मी गेली बावीस वर्षं घरगुती विजेची उपकरणं दुरुस्त करतो आणि त्यात टोस्टर भरपूर उघडले आहेत. आधी उत्तर सांगतो, कारणं मागून. तुमच्या घरासाठी चार खाचांचा, ब्रेड आपोआप वर उचलणारा टोस्टर घ्या. पण असा, ज्यात दोन-दोन खाचांच्या जोडीला स्वतंत्र दांडा आणि स्वतंत्र नॉब असेल. ब्रेडला दोन्ही बाजूंनी मधोमध धरणाऱ्या जाळ्या असाव्यात, चुऱ्याचा ट्रे पूर्ण बाहेर निघावा आणि दांडा नेहमीपेक्षा थोडा आणखी वर उचलता यावा. पडद्यासाठी जास्त पैसे देण्याआधी एकच गोष्ट विचारा: एकापाठोपाठ तीन घाणे काढले, तर तिसऱ्या घाण्याचा रंग पहिल्यासारखाच येतो का? दुकानात दाखवला तर पहिलाच घाणा दाखवतात, आणि गार टोस्टरमधला पहिला घाणा बहुतेक टोस्टरांचा बरा निघतो. सहा माणसांच्या घरात टोस्टरची परीक्षा त्यानंतर सुरू होते.

हे असं का, ते कळायला ब्रेड भाजताना काय होतं ते पाहावं लागेल. साध्या ब्रेडच्या वजनात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पाणी असतं. वरच्या थरात ओल आहे तोवर त्या थराचं तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फारसं पुढे सरकत नाही; येणारी उष्णता पाण्याची वाफ करण्यातच खर्ची पडते. थर सुकला की तापमान भराभर चढतं, आणि साधारण १४० अंशांच्या पुढे ब्रेडमधली साखर आणि प्रथिनांमधली अमिनो आम्लं यांच्यात अभिक्रिया जोर धरते. सोनेरी रंग, खरपूस वास, भाजल्याची चव हे सगळं तिथून येतं. लुई-कामिय मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली या अभिक्रियेचं वर्णन केलं, म्हणून तिला मेयार अभिक्रिया म्हणतात. स्वयंपाकघरात याचा अर्थ असा, की पहिलं दीड मिनिट ब्रेडवर काहीच घडत नाहीये असं वाटतं आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात रंग अक्षरशः धावतो. त्यामुळे टोस्टरच्या वेळेत पंधरा-वीस सेकंदांची चूक झाली, की सोनेरी ब्रेडचा करपलेला ब्रेड होतो. इतक्या कमी सेकंदांचा हा खेळ असल्यामुळे टोस्टर वेळ कसा मोजतो, याला बाकी कुठल्याही सोयीपेक्षा जास्त महत्त्व आहे.

वेळ मोजायच्या मुख्यतः तीन पद्धती तुम्हाला सापडतील.

जुन्या पद्धतीत दोन वेगवेगळ्या धातूंची जोडपट्टी असते. तापल्यावर दोन्ही धातू कमी-जास्त प्रसरण पावतात, पट्टी वाकते आणि खटका सोडते. पहिल्या घाण्यानंतर ही पट्टी गरमच राहते. दुसऱ्या घाण्याला ती लवकर वाकते आणि ब्रेड फिकाच वर येतो. घरातले मग नॉब पुढे सरकवतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गार टोस्टरमध्ये त्याच नॉबवर पहिला घाणा करपतो.

आजच्या बहुतेक स्वस्त आणि मध्यम टोस्टरांत छोटं इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं. नॉब फिरवला की एक कपॅसिटर भरायला लागणारा वेळ कमी-जास्त होतो, तेवढंच. हे सर्किट वेळ अचूक मोजतं, पण टोस्टर गरम आहे की गार, याची त्याला गंधवार्ताही नसते. पहिला घाणा गार भिंतींमध्ये सुरू होतो, दुसरा तापलेल्या भिंतींमध्ये. वेळ मात्र दोन्हीला सारखा मिळतो. परिणाम वरच्या उलट: दुसरा घाणा जास्त काळपट, तिसरा त्याहून. तुमच्याकडे असं होत असेल, तर ते सर्किट बिघडलेलं नाही. ते त्याला दिलेलंच काम करतंय.

तिसऱ्या पद्धतीत सर्किटला आतलं तापमान कळवणारा एक छोटा सेन्सर जोडलेला असतो. टोस्टर आधीच तापलेला असेल, तर पुढच्या घाण्याचा वेळ आपोआप कमी होतो. घाईच्या घराला हवा तो हा. गोंधळ असा, की खोक्यावर ‘डिजिटल’ लिहिलंय म्हणजे सेन्सर आहेच, असं नाही. उलटे आकडे मोजणारा सुंदर पडदा असलेले कितीतरी टोस्टर आत नुसतं घड्याळच चालवतात. आणि एखाद्या साध्या नॉबच्या टोस्टरमध्ये सेन्सर निघतो. पडद्याकडे पाहून आत काय आहे ते ओळखता येत नाही. माहितीपुस्तिकेत ‘सलग वापरात एकसारखं भाजणं’ किंवा तापमानानुसार वेळ बदलण्याचा उल्लेख शोधा. आणि त्याच पुस्तिकेत ‘दोन घाण्यांमध्ये एक-दोन मिनिटं थांबावं’ अशी सूचना दिसली, तर समजा की हे यंत्र तुमच्या सकाळसाठी नाही.

जाता जाता एक गोष्ट सांगतो, कारण ती मला फार आवडते. १९४९ साली सनबीम कंपनीने असा टोस्टर आणला, जो वेळ मोजतच नसे. ब्रेडच्या पृष्ठभागावरून येणाऱ्या उष्णतेवरून तो ब्रेड झाला की नाही हे ठरवत असे. ब्रेड गोठलेला असो की ताजा, टोस्टर गार असो की गरम, ब्रेड तयार झाल्यावरच वर येई. दांडाही नव्हता, ब्रेड आपोआप खाली उतरे. आज इतक्या स्वस्तात सेन्सर मिळत असताना ती कल्पना सर्रास दिसायला हवी होती. दिसत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता एकाच बाजूने करपण्याबद्दल. तुमच्या तक्रारीचा जीव इथेच आहे.

दोन खाचांच्या टोस्टरमध्ये बहुधा तापणारे तीन उभे पाट असतात: दोन कडेला आणि एक मधे. अभ्रकाच्या पातळ पाटाभोवती निक्रोमची चपटी तार गुंडाळलेली असते. निक्रोम म्हणजे निकेल आणि क्रोमियमचा मिश्रधातू, साधारण ८० भाग निकेल आणि २० भाग क्रोमियम. अल्बर्ट मार्श या अमेरिकी धातुतज्ज्ञाला १९०६ साली त्याचं पेटंट मिळालं, आणि विजेचा टोस्टर घरात टिकण्याजोगा झाला तो त्यानंतरच. साधी लोखंडी तार लाल होऊन हवेत राहिली की गंजून तुटते; निक्रोमवर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि तोच तारेला वाचवतो.

मधल्या पाटाला दोन्ही खाचांना उष्णता द्यायची असते, कडेच्या पाटांना एकेकाच खाचेला. मधल्या आणि कडेच्या तारांचं गणित बनवणाऱ्याने नीट बसवलं नसेल, तर ब्रेडची आतली बाजू आणि बाहेरची बाजू कधीच सारखी होणार नाही. नॉब कसाही फिरवा. चांगल्या टोस्टरमध्ये खाचेतून डोकावलं, तर तारेच्या फेऱ्या पाटाच्या वरच्या कडेपासून खालपर्यंत पोचलेल्या दिसतात आणि कुठे लोंबत नाहीत. फेऱ्या वरच्या कडेच्या बऱ्याच खालीच संपल्या असतील, तर ब्रेडचा वरचा पट्टा पांढरा राहणार, हे तिथेच कळतं. डोकावताना टोस्टरची पिन काढलेली असू द्या.

दुसरं कारण आहे जाळी. हल्ली खाचा रुंद असतात, ३० मिलिमीटरच्या पुढेही, म्हणजे जाड ब्रेड आणि कापलेले बन मावावेत. पण अशा रुंद खाचेत पातळ स्लाइस टाकली, की ती एका बाजूला कलते. कललेल्या बाजूची तार तिला जवळजवळ चिकटते, दुसरी लांब राहते. म्हणून दांडा खाली गेल्यावर दोन्ही बाजूंच्या जाळ्या एकमेकींकडे सरकून स्लाइसला मधोमध धरतात की नाही, हे पाहणं फार गरजेचं आहे. पिन न लावता दांडा हाताने खाली दाबून धरा आणि वरून पाहा. दोन्ही जाळ्या सारख्याच सरकल्या पाहिजेत. एक सरकते आणि दुसरी अडकते, असा नवाकोरा टोस्टरही मी पाहिला आहे. तो परत करावा, दुरुस्तीला आणू नये.

मापाबद्दल एक साधा उपाय सांगतो. तुमच्या घरी सर्वांत मोठा जो ब्रेड येतो त्याची एक स्लाइस जाड पुठ्ठ्यावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवा, तो आकार कापून घ्या आणि खरेदीला जाताना बरोबर न्या. ती खाचेत टाकून दांडा खाली दाबा. पुठ्ठा वर डोकावत असेल तर ब्रेडही डोकावणार आणि तेवढा भाग कच्चा राहणार. ‘मोठ्या खाचा’ असं छापलेलं असतं त्यात बहुधा रुंदी मोजलेली असते. खोली आणि लांबीचा त्यात पत्ता नसतो. हाताने कापलेला लांबट ब्रेड तुमच्याकडे नेहमी येत असेल, तर साधारण २५ सेंटिमीटर लांबीच्या खाचांचे टोस्टर मिळतात. त्यात एका खाचेत दोन छोट्या स्लाइस शेजारी शेजारी बसतात आणि ओट्यावर जागाही अरुंद लागते. भिंतीला लागून जागा कमी असेल, तर दोन लांब खाचांचा टोस्टर हा चार खाचांना चांगला पर्याय आहे. फक्त त्यात दोन वेगळे रंग एका वेळी काढता येत नाहीत.

आणि वेगळे रंग काढता येणं तुमच्या घरात कामाला येईल. दूध, साखर किंवा मध घातलेला ब्रेड लवकर तांबूस होतो, कारण अभिक्रियेला लागणारी साखर त्यात जास्त असते. शिळा, सुकलेला ब्रेडही लवकर भाजतो. फ्रीजरमधला उशिरा. सहा माणसांत कुणाला फिका आवडतो, कुणाला कडक. एकाच नॉबवर चारही खाचा चालत असतील, तर प्रत्येक वेळी कुणीतरी नॉब हलवणार आणि पुढच्याचा ब्रेड बिघडणार. दोन स्वतंत्र बाजू असल्या, की एक बाजू फिक्याची आणि एक कडकची, असं ठरून जातं. नॉबवर बारीक खूण करून ठेवली तर वादच संपतात. एका बाजूचा खटका बिघडला तर दुसरी बाजू चालू राहते, हाही फायदा आहेच.

वेळेचा हिशोब करून पाहा. सहा माणसं, प्रत्येकी दोन स्लाइस, म्हणजे बारा. एका घाण्याला अडीच मिनिटं धरली, तर दोन खाचांत सहा घाणे, म्हणजे भाजायलाच पंधरा मिनिटं. काढणं-घालणं धरून अठराएक. चार खाचांत तीन घाणे, आठ-नऊ मिनिटं. घाईच्या सकाळी ती उरलेली नऊ मिनिटं किती मोलाची असतात, ते मी सांगायला नको. विजेत मात्र फारसा फरक पडत नाही. ९०० वॉटचा टोस्टर अडीच मिनिटं सहा वेळा चालला, तर सुमारे ०.२३ युनिट, १६०० वॉटचा तीन वेळा चालला, तर ०.२० युनिट. वीज वाचते म्हणून छोटा घ्यावा, हा विचार सोडून द्या.

पण एका वेळी किती प्रवाह ओढला जातो, याकडे लक्ष हवं. २३० व्होल्टवर १६०० वॉटचा टोस्टर सुमारे ७ अँपिअर घेतो. त्याच तारेवर २००० वॉटची किटली लागली, की आणखी जवळजवळ ९, म्हणजे १६ च्या आसपास. जिथे वीज १२० व्होल्टची असते, तिथे एकटा टोस्टरच १३ अँपिअरच्या पुढे जातो आणि शेजारी किटली लावली तर खटका पडणार, हे ठरलेलं. म्हणून टोस्टर सरळ भिंतीतल्या दणकट सॉकेटला लावा. एक्स्टेंशन बोर्डवर, बाकीच्या चार पिनांच्या गर्दीत मुळीच नको. जळून वितळलेले बोर्ड मी पाहिले आहेत, आणि त्यांची सुरुवात बहुतेक वेळा एका ढिल्या पिनेपासून झालेली असते. टोस्टरची वायर मुद्दाम आखूड दिलेली असते, म्हणजे ती ओट्यावरून लोंबत नाही आणि लहान मुलाच्या हाताने ओढली जात नाही. टोस्टर जिथे ठेवायचा तिथून सॉकेटपर्यंतचं अंतर आधी मोजा.

विजेचा दाब कमी-जास्त होत असेल, तर त्याचाही रंगावर परिणाम होतो. दाब १० टक्क्यांनी उतरला, तर उष्णता जवळजवळ १९ टक्क्यांनी उतरते, कारण वॉट दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतात. ‘रविवारी छान भाजतो आणि सोमवारी फिका’ ही तक्रार घेऊन लोक येतात, तेव्हा मी टोस्टर उघडण्याआधी घरातला दाब कधी, किती असतो ते विचारतो.

छोट्या ओव्हनबद्दल विचारलंत. पंख्याचा असो की साधा, ओव्हन ही चांगली वस्तू आहे. त्यात ब्रेडवर चीज वितळवता येतं, सहा स्लाइस एकदम बसतात. पण रोजच्या टोस्टसाठी तो मंद आहे. ओव्हनला आधी आतली सगळी पोकळी तापवायची असते, तारा ब्रेडपासून लांब असतात, आणि ब्रेड हळूहळू तापल्याने रंग येईपर्यंत आतपर्यंत सुकतो. खाचेतल्या जवळच्या, प्रखर उष्णतेने दोन-अडीच मिनिटांत वरचा थर कुरकुरीत होतो आणि आत मऊपणा राहतो. ओव्हनमध्ये तोच रंग यायला पाच-सहा मिनिटं लागली, की टोस्टऐवजी रस्क हातात येतो. तुम्हाला बेकिंगही करायचं असेल तर ओव्हन जरूर घ्या, पण टोस्टरच्या जागी म्हणून नको. आणि दोन तव्यांमध्ये दाबून भाजणाऱ्या सँडविच मेकरला बरेच जण टोस्टरच म्हणतात. ती वेगळी वस्तू आहे. ती चिकटून भाजते, त्यामुळे भरलेलं सँडविच तिच्यात उत्तम होतं, पण कोरड्या स्लाइसचा हलका, सच्छिद्र कुरकुरीतपणा तिच्यातून मिळत नाही.

बटणांपैकी तीन मला खरोखर उपयोगाची वाटतात. रद्द करण्याचं बटण तर हवंच, तेही सहज हाताला लागेल असं. दुसरं, गोठलेल्या ब्रेडचं. मोठ्या घरात ब्रेड एकदम जास्त आणला जातो आणि लोक तो फ्रिजमध्ये ठेवतात, ते टाळा. फ्रिजच्या थंडाव्यात ब्रेडमधला स्टार्च पुन्हा कडक होण्याचा वेग सर्वांत जास्त असतो, त्यामुळे ब्रेड बाहेर ठेवण्यापेक्षा तिथे लवकर शिळा लागतो. फ्रीजरमध्ये मात्र ही क्रिया जवळजवळ थांबते. स्लाइस सुट्या करून फ्रीजरमध्ये ठेवा आणि ते बटण दाबून थेट टोस्टरमध्ये टाका; बर्फ वितळायला लागणारा जादा वेळ टोस्टर स्वतःच धरतो. तिसरं, एकाच बाजूने भाजण्याचं. मधून कापलेला बन आतून खरपूस आणि बाहेरून मऊ हवा असेल तर ते उपयोगी. बाकी पुन्हा गरम करणं, गरम ठेवणं, फोनवरून चालवणं, ब्रेडचा प्रकार चित्रातून निवडणं, यांसाठी मी एक पैसाही जास्त देणार नाही. मोटरने ब्रेड वर-खाली करणाऱ्या टोस्टरबद्दल सावध राहा. साधी स्प्रिंग वर्षानुवर्षं टिकते. मोटर किंवा तिचं सर्किट बिघडलं, तर ब्रेड आतच अडकतो आणि सुट्या भागांसाठी वाट पाहावी लागते. काचेच्या खिडकीच्या टोस्टरमध्ये रंग डोळ्यांनी दिसतो, हे छान आहे, पण काच महिन्याभरात धुरकट होते. ती बाहेर काढून धुता येत असेल तरच घ्या.

दांडा खाली न टिकणं ही माझ्याकडे येणारी सर्वांत नेहमीची तक्रार. दांड्याला खाली धरून ठेवतो तो एक छोटा विद्युतचुंबक. वीज नसेल तर दांडा टिकणारच नाही, आणि वेळ संपली की चुंबकाचा प्रवाह बंद होऊन स्प्रिंग ब्रेड वर उडवते. चार्ल्स स्ट्राइट यांनी १९२१ साली ज्याचं पेटंट मिळवलं तो आपोआप बंद होणारा, ब्रेड वर उचलणारा टोस्टर याच हेतूने आला, की कुणालाही राखणीला उभं राहावं लागू नये. पण चुंबक आणि त्याला चिकटणारी लोखंडी पट्टी यांच्यामध्ये चुऱ्याचा एक कण जरी अडकला, तरी पकड जाते. लोक टोस्टर फेकून द्यायच्या तयारीने आणतात आणि ब्रशने दोनदा झाडलं की काम होतं. म्हणून ट्रे महत्त्वाचा. तो मागून नव्हे तर पुढून किंवा बाजूने निघावा, म्हणजे टोस्टर हलवावा लागत नाही. रोज बारा स्लाइस निघणाऱ्या घरात तो दर दोन-तीन दिवसांनी रिकामा करा. तुम्हाला येणारा धूर बहुधा याच साठलेल्या चुऱ्याचा आहे, आणि आग लागण्याचंही हे एक मोठं कारण आहे.

आगीवरून: टोस्टर कपाटाच्या खाली, पडद्याजवळ किंवा कागदी रुमालांशेजारी चालवू नका. ब्रेड अडकला तर दांडा जागच्या जागी राहिला तरी तारा बंद व्हायला हव्यात. ही सोय पुस्तिकेत लिहिलेली आहे का पाहा. लोणी लावलेली स्लाइस उभ्या खाचेत कधीही टाकू नये, लोणी तारेवर ठिबकतं. आत जाळ दिसलाच, तर आधी पिन काढा, ब्रेड उपसायला जाऊ नका, पाणी अजिबात नको. बहुतेक वेळा जाळ आतच विझतो.

अडकलेली स्लाइस काट्याने किंवा सुरीने काढणं हा प्रकार घरात कुणी करत असेल, तर आज थांबवा. टोस्टरच्या तारांवर कसलंही आवरण नसतं, आणि कित्येक टोस्टरांत खटका दोनपैकी एकच वायर तोडतो. पिन कशी बसली आहे त्यावर, टोस्टर बंद दिसत असतानाही तारेत वीज असू शकते. पिन काढा, थांबा, मग लाकडी चिमट्याने काढा. दांडा जास्त वर उचलता यावा असं मी सुरुवातीला म्हटलं ते यासाठीच. छोटा बन बोटं न घालता हाताशी येतो. मुलं लहान असतील, तर बाहेरून दुहेरी भिंत असलेला घ्या. एकेरी चकचकीत पत्र्याचा टोस्टर दिसायला देखणा, पण तिसऱ्या घाण्याला हात भाजेल इतका तापतो.

रंगाबद्दल आरोग्याचीही एक बाजू आहे. जास्त भाजलेल्या पिठूळ पदार्थांत अ‍ॅक्रिलामाइड तयार होतं, हे स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी २००२ साली उजेडात आणलं. ब्रेड जितका काळा तितकं ते जास्त, म्हणून सोनेरी रंगावर थांबावं असा सल्ला दिला जातो. एक बाजू पांढरी ठेवणाऱ्या टोस्टरमध्ये आपण ती बाजू भाजायच्या नादात दुसरी रोज करपवत राहतो, आणि मुलं तीच खातात.

नवा टोस्टर घरी आला, की पहिले दोन-तीन वेळा तो रिकामाच चालवा, खिडक्या उघड्या ठेवून. कारखान्यातलं तेल आणि लेप जळून वास येतो, तो निघून जाऊ द्या. घरात पिंजऱ्यातला पक्षी असेल, तर त्याला तेवढा वेळ लांबच्या खोलीत ठेवा. पक्ष्यांची फुप्फुसं अशा धुराला फार नाजूक असतात आणि तापलेल्या न चिकटणाऱ्या लेपांचा धूर त्यांचा जीव घेऊ शकतो.

मग परत करण्याची मुदत संपायच्या आत परीक्षा घ्या. एकाच पुड्यातल्या बारा साध्या स्लाइस घ्या, नॉब मधोमध ठेवा आणि न थांबता तीन घाणे काढा. प्रत्येक स्लाइसवर खाचेचा आणि घाण्याचा क्रमांक पेन्सिलने कोपऱ्यात लिहून, ओळीत मांडून फोटो काढा, मग उलट्या करून आणखी एक. आडव्या ओळीत खाचाखाचांमधला फरक दिसेल, उभ्या ओळीत घाण्याघाण्यांमधला. थोडा फरक चालतो. पहिल्या घाण्याला सोनेरी आणि तिसऱ्याला काळा असेल, तर किंमत कितीही मोजलेली असो, तो परत द्या. या स्लाइस नंतर पक्ष्यांना घाला, पेन्सिलचा कोपरा तोडून.

तुमचा जुना टोस्टर टाकण्याआधी एकदा तपासा. रिकामा चालवा आणि हातभर लांबून वरून पाहा. पांढऱ्या राहणाऱ्या बाजूची तार लाल होतच नसेल, तर ती तुटली आहे. ती बदलण्याचा खर्च बहुधा परवडत नाही. दोन्ही बाजू सारख्या लाल होत असतील, तर दोष जाळीचा आहे. टोस्टर गार झाल्यावर, पिन काढून, तो उलटा करून हळूच झटका, दांडा दहा-बारा वेळा वर-खाली करा आणि जाळीच्या खोबणीतला चुरा कोरड्या ब्रशने काढा. जाळी पुन्हा दोन्हीकडून सरकायला लागली, तर तो टोस्टर दोन माणसांच्या घरात अजून चांगली काही वर्षं काढेल. कुणाला हवा असेल तर देऊन टाका.